आधीं पांच, कीं आधीं चाळीस?

मराठी माणूस पंचेचाळीस हा आंकडा उच्चारतो तेव्हां त्याच्या तोंडांतून आधीं पांच बाहेर पडतात आणि मागाहून चाळीस. परंतु तोच माणूस लेखणी हातांत घेऊन तो आंकडा लिहूं लागला म्हणजे आधीं चार काढतो आणि मग पांच. जिभेचा एक क्रम आणि हाताचा दुसरा, असा हा दुटप्पी व्यवहार जन्मभर चालूं असूनही आपणांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. वाटतें तें फक्त पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतील मुलाला. मास्तरांनीं ‘पंचेचाळीस’ म्हणतांच तें बिचारें जसें ऐकलें तसें लिहितें, म्हणजे ५४ लिहितें, आणि मार खातें. हा मार आम्हीं लहानपणीं खाल्ला आहे. ‘तुम्हींच आधीं पांच म्हणालां’ हें आमचें म्हणणें त्या वेळीं कोणीं ऐकून घेतलें नाहीं. आणि साठी उलटल्यावर आम्हीं आमच्या भाचीचें म्हणणें ऐकून घेतलें नाहीं. ही दुसरी गोष्ट सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

सन २०१९ च्या जून महिन्यांत याच प्रश्नानें महाराष्ट्रांत बरीच धूळ उडविली होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्या वाचण्याची रीति दिली गेली, आणि वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र तिची चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें असें कीं, जोडाक्षरांनीं भरलेलीं संख्यानामें मुलांस जड जातात. लिहिण्याचा व बोलण्याचा क्रम एक झाला तर तीं लवकर समजतात. विरोधकांचें म्हणणें असें कीं, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली भाषा मुलांच्या सोयीसाठीं मोडूं नये. आम्हांस त्या वादांत कोणाचीच बाजू घेववली नाहीं. कारण आमचा सारा जन्म यंत्रांना आंकडे शिकविण्यांत गेला, आणि यंत्रांच्या जगांत हा वाद कांहीं नवा नव्हता.

संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खोल्यांची एक लांबच लांब चाळ होय. प्रत्येक खोलींत एक बाइट राहतो, आणि एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतचीच संख्या मावते. त्याहून मोठी संख्या आली कीं तिचे तुकडे करून ते शेजारशेजारच्या दोन किंवा चार खोल्यांत ठेवावे लागतात. १०२४ ही संख्या घ्या. तींत २५६ चे बरोबर चार गट होतात आणि बाकी कांहीं उरत नाहीं. म्हणून चार खोल्यांत ती ०, ०, ४, ० अशी बसते. ही झाली थोरलें स्थान आधीं ठेवण्याची रीति. दुसरा कोणी म्हणेल कीं, आम्ही धाकटें स्थान आधीं ठेवूं; मग तीच संख्या ०, ४, ०, ० अशी बसेल. आतां या दुसऱ्या रीतीनें भरलेल्या खोल्या पहिल्या रीतीच्या माणसानें वाचल्या, तर त्याला ६५,५३६ चे चार गट दिसतील आणि तो २,६२,१४४ असें उत्तर देईल. कोणी खोटें बोललें नाहीं, एकही बाइट हरवला नाहीं, आणि तरी एका हजाराचे अडीच लक्ष झाले!

या दोन रीतींचीं घराणीं पडलीं आहेत. आय. बी. एम. कंपनीनें १९६४ सालीं जाहीर केलेलें सिस्टिम ३६० हें यंत्र थोरल्या टोकाचें. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचें १९७० सालचें पीडीपी-११ धाकट्या टोकाचें. इंटेलचे प्रोसेसर धाकट्या टोकाचे कां, याचें कारण ऐकण्यासारखें आहे. डेटापॉइंट २२०० नांवाचें एक यंत्र त्या वेळीं होतें. त्याची पहिली आवृत्ति बेरीज करतांना संख्येचा एकेक बिट हातीं घेई. आणि हातचा धरून चालावयाचें तर आरंभ एकंस्थानापासूनच करावा लागतो, हें पाटीवर बेरीज केलेल्या कोणालाही सांगावयास नको. त्या यंत्राच्या आज्ञांवरून इंटेलनें १९७२ सालीं ८००८ हा प्रोसेसर केला. पुढें १९७४ चा ८०८०, १९७६ चा ८०८५ आणि १९७८ चा ८०८६ यांनीं घराण्याची चाल राखली. ज्या अडचणीसाठीं ती चाल पडली ती अडचण नाहींशी झाली, पण चाल राहिली. आपल्या सोंवळ्याओंवळ्याच्या चालींहून ही कांहीं निराळी नव्हे. मोटोरोला कंपनीचा १९७९ चा ६८००० हा प्रोसेसर मात्र थोरल्या टोकाचा. आपल्या पुण्यांत सी-डॅकनें १९९१ सालीं उभा केलेला परम ८००० ट्रान्सप्युटर चिपांवर, म्हणजे धाकट्या टोकावर चाले, आणि त्याच संस्थेचा १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर, म्हणजे थोरल्या टोकावर. एका आडनांवाच्या दोन भावांचे असे दोन पंथ!

१ एप्रिल १९८० रोजीं डॅनी कोहेन या गृहस्थानें या पंथभेदावर एक टिपण लिहिलें आणि दोन्ही पंथांस नांवें देऊन टाकलीं. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या पुस्तकांत अंडें कोणत्या टोकाकडून फोडावें यावरून हाणामारी करणारे बुटके लोक आहेत. त्यांच्यावरून थोरल्या टोकाचे ते ‘बिग-एंडियन’ आणि धाकट्या टोकाचे ते ‘लिटल-एंडियन’. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ इतकाच कीं, टोक कोणतें याला फारसें महत्त्व नाहीं. सर्वांनीं मिळून एक ठरविण्याला आहे. हें टिपण आम्हीं तंत्रनिकेतनांत शिकवीत असतांना प्रतिवर्षीं विद्यार्थ्यांस समजावून सांगत होतों. सांगत होतों इतकेंच. तें आम्हांस किती समजलें होतें हें पुढें दिसेल.

गेल्या पावसाळ्यांत आमची भाची एक काम घेऊन आमच्या घरीं राहावयास आली. सातपूरच्या एका लहानशा कारखान्यांतील जुनें यंत्र बंद पडलें होतें. तें चालविणारी पेटी ६८००० प्रोसेसरची होती. पेटी जळाली, ती बनविणारी कंपनी केव्हांच उठून गेली, आणि कोणता माल किती लांबीला कापावयाचा याचीं वर्षानुवर्षें जमविलेलीं मापें त्या पेटींतील दोन चिपांत अडकून पडलीं. मालकांजवळ त्यांची लेखी नोंद नव्हती. भाचीनें त्यांना सांगितलें होतें कीं, मी या प्रोसेसरचा इम्युलेटर लिहितें, त्याच्यावर तुमचा जुना कार्यक्रम चालवितें, आणि मापें बाहेर काढून देतें. शिक्षण संपल्यावरचें तिचें हें पहिलेंच स्वतंत्र काम होतें. मुदत तीन आठवड्यांची. आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल त्या मापांसाठीं खोळंबलेला.

इम्युलेटर म्हणजे यंत्रांतला बहुरूपी होय. आजच्या संगणकानें जुन्या प्रोसेसरचें सोंग घ्यावयाचें; तें इतकें हुबेहूब कीं, जुन्या कार्यक्रमाला आपण परक्या घरीं आहों हें कळूं नये. परंतु बहुरूप्यानें राजाचें सोंग घेतलें तरी अंगरख्याखालीं त्याचें स्वतःचें शरीर असतेंच. भाचीचा संगणक धाकट्या टोकाचा, आणि त्यानें घेतलेलें सोंग थोरल्या टोकाचें. मेमरींतून चार बाइट उचलतांना ते प्रत्येक वेळीं उलटून घ्यावे लागतात. एखाद्या ठिकाणीं उलटावयाचें राहिलें, किंवा एका ठिकाणीं दोनदां उलटलें, कीं सोंग उघडें पडतें.

मुलगी हुशार आहे. आरंभींच एक अडचण तिनें फार सुरेख सोडविली. या प्रोसेसरची वाट एका वेळीं दोन बाइट नेण्याइतकी रुंद, आणि त्या काळच्या चिपा एका वेळीं एकच बाइट देणाऱ्या. म्हणून कार्यक्रम दोन चिपांत वांटून ठेवीत. सम क्रमांकाच्या खोल्या एकींत, विषम दुसरींत. चिपांवरच्या चिठ्ठ्या पुसून गेल्या होत्या. तिनें दोन्ही चिपा वाचल्या, बाइट एकाआड एक गुंफले, आणि आंतील संदेशांचीं अक्षरें शोधलीं. क्रम चुकला कीं अक्षरें जोडीजोडीनें उलटतात. ‘गोदावरी’चें ‘दागोरीव’ होतें. पहिल्या गुंफणींत असेंच दिसलें. तिनें चिपा बदलल्या, आणि सरळ वाचतां येणारे शब्द पडद्यावर उमटले. आम्हीं तिची पाठ थोपटली.

कार्यक्रमाची तपासणी करण्यासाठीं डीबगर लागतो. प्रोसेसरला एकेक पाऊल चालावयास लावून, प्रत्येक पावलागणिक त्याच्या रजिस्टरांत काय आहे आणि मेमरींत काय आहे, हें दाखविणारी ती एक खिडकीच असते. खिडकी आणि बहुरूपी यांच्यामध्यें निरोप नेणारा एक लहानसा कार्यक्रम असावा लागतो. हा निरोप्या आम्हीं तिला आयता दिला. पंधरा वर्षांपूर्वीं इंटेलच्या ८०३८६ चा एक इम्युलेटर करतांना आम्हीं तो लिहिला होता, आणि त्याच्या माथ्यावर ‘पूर्ण तपासलेला’ अशी ओळही लिहून ठेविली होती.

आतां ६८००० प्रोसेसर जागा झाला म्हणजे प्रथम काय करतो तें सांगितलें पाहिजे. मेमरीच्या पहिल्या चार बाइटांतून तो स्टॅकचा पत्ता घेतो, आणि पुढच्या चार बाइटांतून कार्यक्रमाचा आरंभ कोठें आहे तें घेतो. तो पत्ता पी. सी. नांवाच्या रजिस्टरांत ठेवून तो तेथून वाचूं लागतो. या कारखान्याच्या कार्यक्रमांत ते चार बाइट ०, ०, ४, ० असे होते. म्हणजे आरंभ १०२४ वर. भाचीनें इम्युलेटर सुरू केला, आणि खिडकींत पी. सी. पुढें आंकडा आला २,६२,१४४.

आम्ही हसलों. म्हटलें, “अग, ही तर पहिल्या धड्यांतली चूक. आरंभाचा पत्ता उचलतांना तूं बाइट उलटावयास विसरलीस.”

ती म्हणाली, “मामा, मीं उलटले आहेत. आणि मेमरी पाहा ना. पुढें चालविलें कीं तींत संदेशाचीं अक्षरें अगदीं जागच्या जागीं उमटतात. आरंभच चुकला असता तर कार्यक्रम इतका चालला कसा असता?”

हा प्रश्न फार योग्य होता. त्याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. परंतु चाळीस वर्षें शिकविलेल्या माणसाजवळ उत्तर नसलें तरी स्वर असतो. आम्ही म्हणालों, “तें योगायोगानें दिसत असेल. खिडकी काय सांगते तें बघ. हजाराचे अडीच लक्ष व्हावयास दुसरें कारणच नाहीं.” ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली, मग तिनें आरंभाचा पत्ता घेण्याच्या जागीं आणखी एक उलटापालट घातली. खिडकींत १०२४ आले. आम्ही समाधानानें उठलों आणि गंगापूर रस्त्यानें फिरावयास गेलों.

त्यानंतर चार दिवस त्या घरांत जें चाललें तें आठवलें कीं आजही ओशाळें वाटतें. खिडकींत आरंभ बरोबर, आणि कार्यक्रम ठार मेलेला. पूर्वीं मेमरींत अक्षरें तरी उमटत होतीं. आतां कांहींच नाहीं. आम्हीं तिला सांगितलें कीं, आतां तुझें आज्ञांचें वाचन चुकत असलें पाहिजे. तिनें तें काढून पुन्हां लिहिलें. आम्हीं सांगितलें कीं, तुझी बेरीज तपास. तिनें बेरीज तपासली. मुदतींतले चार दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशीं कारखान्याच्या मालकांचा फोन आला, तेव्हां ती गच्चीवर जाऊन बोलली. खालीं आली तेव्हां तिचे डोळे लाल होते. जेवतांना ती म्हणाली, “मामा, मला हें येतच नाहीं बहुधा.” आम्हीं तिला धीर दिला. आम्हीं काय दिलें होतें आणि काय देत होतों, याची आम्हांस कल्पना नव्हती.

चौथ्या रात्रीं ती एकटीच बसली. तिनें असें ठरविलें कीं, खिडकी खरें बोलते हें आपण कशावरून धरून चाललों? साक्षीदाराचीच साक्ष तपासावयाची तर दुसरा साक्षीदार हवा. तिनें इम्युलेटरलाच आपला पी. सी. डीबगरच्या मार्फत न जातां परस्पर छापावयास सांगितला. खिडकी म्हणत होती १०२४. इम्युलेटर स्वतः म्हणत होता २,६२,१४४. मग तिनें एक पाऊल टाकून पाहिलें. इम्युलेटर म्हणाला २,६२,१४८, म्हणजे तो चारच खोल्या पुढें सरकला होता. आणि खिडकी म्हणाली ६,७१,०९,८८८! ६८००० चा पत्ता चोवीसच बिटांचा असतो. १,६७,७७,२१६ खोल्यांपलीकडे त्याला जातांच येत नाहीं. जेथें प्रोसेसर जन्मांत पोंचूं शकत नाहीं तेथें तो उभा आहे असें खिडकी सांगत होती. हा आंकडा पहिल्या दिवशीं एक पाऊल टाकून आम्हीं खिडकींतला पी. सी. पुन्हां पाहिला असता तरी असाच कोटींच्या घरांत दिसला असता. आम्हीं पहिलाच आंकडा पाहिला, आणि निकाल दिला.

शेवटची परीक्षा तिनें फार साधी केली. एका रजिस्टरांत तिनें अशी संख्या घातली कीं जिचे चार बाइट अनुक्रमें १, २, ३, ४ आहेत. ती संख्या १,६९,०९,०६०. खिडकींत दिसलें ६,७३,०५,९८५. म्हणजेच ४, ३, २, १. निरोप्या रजिस्टरांतले बाइट उलटे नेत होता. पहिल्या दिवशीं भाचीचा इम्युलेटर बरोबर होता. १०२४ हेंच त्याच्या पोटांत होतें. खिडकींत २,६२,१४४ दिसलें तें निरोप्यामुळें. आम्हीं तिला बरोबर असलेली गोष्ट चुकवावयास लाविली, तेव्हां दोन चुका एकमेकींवर पडून खिडकींत खरें दिसूं लागलें, आणि आंत प्रोसेसर २,६२,१४४ क्रमांकाच्या रिकाम्या खोलींतून शून्यें वाचीत चालला. ६८००० च्या भाषेंत शून्यांची आज्ञाही एक निरुपद्रवी आज्ञाच आहे. त्यामुळें तो कोठें ठेंचाळलाही नाहीं. मेमरीची खिडकी मात्र आरंभापासून खरें सांगत होती, कारण ती एकेक बाइट दाखविते. आणि सुट्या बाइटाला थोरलें-धाकटें टोक नसतें. क्रमाचा प्रश्न उपस्थित होतो तो चार बाइटांना मिळून एक संख्या म्हटलें म्हणजे.

आणि निरोप्या कोणाचा? आमचा. जी. डी. बी. नांवाचा जो डीबगर आम्ही वापरीत होतों त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, रजिस्टरांतील बाइट ज्या प्रोसेसरची तपासणी चालली असेल त्याच्या क्रमानें पाठवावेत. आम्हीं तो निरोप्या लिहिला तेव्हां आमचा संगणक धाकट्या टोकाचा आणि ८०३८६ चें सोंगही धाकट्या टोकाचें. मग आपल्या घरचा क्रम पाठविला काय आणि पाहुण्याचा पाठविला काय, दिसावयाचें एकच. चूक पंधरा वर्षें तेथेंच होती. तिला प्रकट व्हावयास परका पाहुणा येण्याची वाट पाहावी लागली. ‘पूर्ण तपासलेला’ हें आम्हीं लिहिलें तें खोटें नव्हतें. पण तें एकाच टोकाकडून तपासलेलें होतें.

सकाळीं चहाच्या वेळीं तिनें कागद पुढें ठेविला. १, २, ३, ४ आणि त्याखालीं ४, ३, २, १. एक शब्दही ती बोलली नाहीं. आम्हीं तो कागद पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणालों, “पहिल्या दिवशींच तूं बरोबर होतीस.” ती म्हणाली, “हो. पण तुम्हीं इतक्या खात्रीनें सांगितलेंत कीं मलाच माझें खोटें वाटलें.” ५४ लिहिल्याबद्दल खाल्लेला मार आम्हांस त्या क्षणीं आठवला. मास्तरांनीं तेव्हां आमच्या हातावर छडी मारली होती. आम्हीं छडी न घेतां तेंच काम केलें होतें.

दुपारपर्यंत निरोप्यांतली ती ओळ दुरुस्त झाली, आमची उलटापालट काढून टाकली गेली, आणि कार्यक्रम जागा झाला. पुढच्या रविवारीं ती म्हणाली, “मामा, लेण्यांवर जाऊं या.” बहुधा आमची उतरलेली मुद्रा पाहून म्हणाली असावी. मुंबईच्या रस्त्यावर त्रिरश्मी डोंगरांतील पांडवलेणीं आमच्या शहरापासून अगदीं जवळ. पावसाळ्यांत वाट निसरडी, पण डोंगर हिरवागार. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे शिलालेख आहेत. आम्हीं ते पूर्वीं पाहिलेले होते. पण या वेळीं प्रथमच आंकड्यांसाठीं पाहिले.

त्या लेखांत वर्ष ४२ असें लिहावयाचें तर चाळिसाची एक खूण आणि तिच्यापुढें दोहोंची खूण काढली आहे. चाळिसाची खूण निराळी आणि चाराची निराळी. स्थानावरून किंमत ठरण्याची रीति त्या लेखनांत नाहीं. म्हणून तेथें कोणी आधीं दोन आणि मग चाळीस असें कोरलें असतें तरीही बेरीज बेचाळीसच झाली असती. क्रमाची भीति त्या आंकड्यांना नव्हती. पुढें शून्य आणि स्थान यांची युक्ति सांपडली, दहा चिन्हांत सारें विश्व मोजतां येऊं लागलें, आणि त्याच दिवशीं ही भीतिही जन्मास आली. शास्त्रकारांना ती ठाऊक होती. चंद्र म्हणजे एक, वेद म्हणजे चार, अशा शब्दांनीं ते संख्या सांगत, आणि अंकांची गति डावीकडे असते हा संकेत आधींच पक्का करून ठेवीत. ‘वेदचंद्र’ म्हटलें कीं चवदा, एकेचाळीस नव्हे. संकेत आधीं बोलून ठेविला कीं कोणतेंही टोक चालतें.

त्याच लेखांत आणखी एक गोष्ट भाचीनें दाखविली. उषवदातानें भिक्षुसंघासाठीं गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव ठेविली. एकीकडे दोन हजार कार्षापण, दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि दुसरीकडे एक हजार, शेंकडा पाऊण या व्याजानें. एकूण ठेवीची रक्कम लेखांत शब्दांनीं ‘तीन हजार’ अशी दिली आहे, आणि लगेच पुढें आंकड्याच्या खुणेनेंही ३००० अशी कोरली आहे. ती म्हणाली, “मामा, हे आपल्या बँकेच्या धनादेशासारखें झालें. अक्षरीं आणि अंकीं.” आम्हीं मान हलविली. दगडांत कोरणाऱ्यालाही वाटलें कीं, वाचणारा कोण येईल, कोठून येईल, कोणत्या टोकाकडून वाचूं लागेल, सांगतां येत नाहीं. तेव्हां एकच गोष्ट दोन रीतींनीं सांगून ठेवलेली बरी. आम्हांस आमच्या ‘पूर्ण तपासलेला’ या ओळीची पुन्हां एकदां लाज वाटली. त्या ओळींत धाकटें टोक गृहीत धरलें आहे एवढें जरी आम्हीं लिहिलें असतें, तरी एका मुलीचे चार दिवस आणि तिचा स्वतःवरचा थोडासा विश्वास वांचला असता.

घरीं आल्यावर आम्हीं निरोप्याच्या माथ्यावरची ती ओळ खोडून टाकली. तिच्या जागीं भाचीनें दोन ओळी लिहिल्या: ‘बाइट पाहुण्या प्रोसेसरच्या क्रमानें पाठवावे. शंका आल्यास १, २, ३, ४ घालून पाहावें.’ समान बाइटांची संख्या घालून कोणी परीक्षा केली तर ती उलटी असूनही सुलटीच दिसते. म्हणून चारही बाइट निरनिराळे हवेत. इतकी साधी गोष्ट आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांस कधीं सांगितल्याचें आठवत नाहीं. आम्ही त्यांना दोन पंथांचा इतिहास सांगत होतों.

मापें मुदतीच्या दोन दिवस आधीं निघालीं. संध्याकाळीं ती आमच्या ओसरीवर बसून मालकांना तीं फोनवरून सांगत होती, आणि आम्ही आंत वर्तमानपत्र वाचण्याचें सोंग करून ऐकत होतों. प्रत्येक माप ती दोनदां सांगत होती. “पंचेचाळीस,” ती म्हणाली, आणि पलीकडून लिहून घेणाऱ्याला थोडा अवकाश देऊन पुढें म्हणाली, “चार, पांच.”